पालटायचं रीळ

३ फेब्रुवारी, मंगळवार

मुंगे,

पत्राच्या माथ्यावर काय लिहायचं असतं ते तूच मला शिकवलं होतंस. ते लिहीत नाही. तुझ्या चिठ्ठीत तरी कुठे काय होतं? एकोणीस वर्षांनी थोरल्या बहिणीला दोन शब्द. ‘पालटून पाठव.’ ना ताई, ना खाली नाव. धोब्याला कपडे देतानाही माणूस याहून जास्त बोलतं.

पार्सल काल आलं. चहाचा डबा, डब्यात कापूस, कापसात रीळ. सून म्हणाली, “आई, मावशींनी दागिना पाठवला की काय!” मी म्हटलं, “ती दागिना पाठवायची नाही, दिलेला परत मागेल.” मग चिठ्ठीवरचं अक्षर बघितलं आणि खाली बसले. गुडघ्यामुळे. भलतं काही मनात आणू नकोस.

रीळ उचललं तर आधी जीभच दिसली. चांगली बोटभर फिल्म बाहेर लोंबत होती. मेहुणे तर रीळ संपलं की जीभ आत ओढून घ्यायचे, म्हणजे भरलेलं रीळ कोणी चुकून पुन्हा कॅमेऱ्यात घालायला नको. ‘काम झालेल्याने तोंड मिटून बसावं,’ असं म्हणायचे आणि माझ्याकडे बघून हसायचे. तेव्हा ही जीभ तूच बाहेर काढली असशील, मला वेडावायला. रीळ त्यांचंच आहे ना? दुसऱ्या कोणाचं असतं तर तू मला कशाला पाठवशील. कुठे सापडलं तेवढं तरी लिही. कोटाच्या खिशात? शिवणाच्या डब्यात?

आता पालट करणारं इथे कोणी उरलेलं नाही. मी मोठ्या रस्त्यावरच्या दुकानात जाऊन आले. काउंटरवरची पोरगी म्हणाली, “आजी, आम्ही निगेटिव्ह करून देतो, मग कॉम्प्युटरवर उलटं होतं.” मी म्हटलं, “बाई, आम्ही फिल्मच उलटी करायचो. जिच्यावर फोटो काढला तीच फिल्म शेवटी चित्र होऊन भिंतीवर पडायची. मध्ये दुसरं काही नाही.” ती म्हणाली, “आणि बिघडलं तर?” मी म्हटलं, “बिघडलं तर बिघडलं.” तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी भाकड गाय विकायला आणली आहे.

म्हणून विचारते. करू का? हात थरथरतात आता. एकच रीळ, एकदाच धुवायचं, निगेटिव्ह मागे राहत नाही. माझ्या हातून काही झालं तर पुन्हा मला बोल लावशील.

मागच्या वेळचं उकरून काढत नाही, पण तूही काढू नकोस. मेहुण्यांच्या त्या शेवटच्या रिळात काही नव्हतंच, तर मी कुठून आणणार? रीळ कॅमेऱ्यात पुढे सरकलंच नव्हतं. घालताना चूक झाली. कोणाचीही होते, मेहुण्यांचीही झाली. हे मी तेव्हाही सांगितलं होतं, स्टुडिओच्या मालकांसमोर, सगळ्यांसमोर सांगितलं होतं. त्यावर तू जे तोंड मिटलंस ते आज दोन शब्दांपुरतं उघडलंस.

करायचं असेल तर ‘हो’ लिही. दोन शब्द जमले, एक जड जाणार नाही.

ताई

९ फेब्रुवारी, सोमवार

मुंगे,

उत्तर नाही. ठीक आहे. तुझं ‘नाही’ कसं असतं ते मला माहीत आहे, ते पोस्टाने येत नाही, दार आपटून येतं. दार आपटलं नाही, म्हणजे ‘हो’ धरते.

घरात गोंधळ चालू आहे. बाथरूम माझ्या ताब्यात. मुलाने खिडकीला काळा कागद चिकटवून दिला आणि म्हणाला, “आई, आम्ही आंघोळ कुठे करायची?” मी म्हटलं, “तुझ्या बापाने लग्नानंतर सहा महिने आंघोळीला रविवार धरला होता, मेला नाही.” सून मात्र माझ्या बाजूने आहे. ती दवाखान्यात एक्सरे काढते, त्यामुळे फिल्म आणि अंधार तिला परका नाही. सात वर्षं घरात आहे, पण मी काय काम करायचे ते तिने पहिल्यांदा विचारलं. मीही पहिल्यांदा नीट सांगितलं. स्टुडिओत तीस वर्षं धुतलं असं म्हटलं की तिला इतकी वर्षं वाटायचं, मी फरशी धुवायचे. पहिली दोन वर्षं फरशीच धुतली, तो भाग अलाहिदा.

तिला समजावताना माझंच मला आठवत गेलं. आधी साधा डेव्हलपर. जिथे उजेड लागला तिथे फिल्म काळी होते, म्हणजे निगेटिव्ह झालं. एरवी इथे हायपो घालायचा, उरलंसुरलं धुऊन टाकायचं, आणि काम संपलं. पालटात तसं नाही. पालटात तो काळा भागच जांभळ्या औषधाने खाऊन टाकायचा. मग साफ करायचं पाणी. मग दिवा लावायचा, फिल्म सरळ उजेडात धरायची, आणि जे शिल्लक राहिलं असेल त्याला पुन्हा डेव्हलपर. ते काळं होतं आणि खरं चित्र उभं राहतं. हायपो सगळ्यात शेवटी.

सून म्हणाली, “म्हणजे आधी झालेलं चित्र घालवायचं, आणि त्याने जे वापरलंच नाही त्यातून दुसरं करायचं?”

मी म्हटलं, “अगदी. उरल्यासुरल्या भाताचं करतेस ना तू, तसंच.”

बाटल्यांच्या गळ्याला दोरे बांधले, आपण बांधायचो तसे. डेव्हलपरला एक गाठ, जांभळ्याला दोन, साफ करायच्या पाण्याला तीन, हायपोला चार. तू मला अक्षरं शिकवायच्या आधीची माझी बाराखडी हीच. जांभळे खडे औषधाच्या दुकानात मिळाले. ॲसिड बॅटरीवाल्याकडून आणलं. तो म्हणाला, “आजी, गाडी आहे का?” मी म्हटलं, “विमान आहे.” सुनेने ते हातमोजे घालून मोजून दिलं आणि पाण्यात ॲसिड, ॲसिडमध्ये पाणी नाही, असं मलाच तीनदा बजावलं. हे मी तिच्या जन्माआधीपासून करते, पण बोलले नाही. बघ, मी पण बदलते.

शनिवारी दुपारी करणार आहे. तेव्हा पाणी नीट थंड असतं आणि नात शेजारी खेळायला जाते. जांभळ्याने फिल्मचा लेप मऊ पडतो, पाणी गरम असलं तर साय सुटावी तसा सुटून येतो. या वेळी मी घाई करणार नाही.

‘या वेळी’ असं लिहिलं गेलं. खोडत नाही, खोडलं की कागद घाण दिसतो.

ताई

१४ फेब्रुवारी, शनिवार

मुंगे,

काळं निघालं. टोकापासून टोकापर्यंत काळं. एक चौकट नाही, एक रेघ नाही. डांबर ओतल्यासारखं.

मी सगळं नीट केलं गं. गाठी चाचपून बाटल्या घेतल्या. मोठ्याने आकडे मोजले, बाहेर सून ऐकत होती, तीही मोजत होती. जांभळं किती वेळ, साफ किती वेळ, काही चुकलं नाही. दिवा लावून टाकीचं झाकण काढलं तेव्हाच फिल्म सगळी सारखी पिवळट पांढरी दिसली. तरी म्हटलं, जुनं रीळ आहे, डेव्हलपरमध्ये काहीतरी येईल. आलं ते हे.

दोरीला टांगलंय. थेंब गळतायत.

पुन्हा घालवलं मी. लिहून मोकळी होते. आता तुला जे बोलायचं ते बोल.

ताई

१५ फेब्रुवारी, रविवार

मुंगे,

कालचं पत्र पेटीत टाकून झालं होतं, नाहीतर फाडलं असतं.

सकाळी सून चहा घेऊन आली. मी तशीच बसले होते, रीळ मांडीवर घेऊन. तिने ते खिडकीशी धरलं, उलटंसुलटं केलं. म्हणाली, “आई, हे सुरुवातीचं बोटभर टोक पांढरं कसं?”

काल माझ्या डोळ्यांना ते दिसलंच नव्हतं. मी म्हटलं, “ती जीभ. ती बाहेर होती ना, तिला उजेड लागलेला. उजेड लागलेलं पालटात पांढरं, काचेसारखं स्वच्छ निघतं.”

“म्हणजे औषधं बरोबर होती. नाहीतर जीभही काळीच निघाली असती.”

“हो.”

“मग जिथे उजेड लागलाच नाही, ते कसं निघतं?”

“काळं,” मी म्हटलं.

“मग हे रीळ कोणी वापरलेलंच नाही, आई. कोरं आहे.”

चहावर साय धरली तरी मी रिळाकडेच बघत बसले. सून घाबरली, नाडी बघायला लागली. मी म्हटलं, “नाडी चालू आहे गं. बत्ती पेटली आहे.”

मुंगे, तू अवली आहेस. कोरं रीळ पाठवलंस! दुकानातून विकत आणलंस, डब्यात घातलंस, कापसात निजवलंस. जीभ बाहेर होती कारण त्याला कोणी कॅमेऱ्यात घातलंच नव्हतं. आणि मी बथ्थड, जीभ बघून मेहुण्यांच्या आठवणी काढत बसले.

साध्या धुण्यात कोरं रीळ काचेसारखं स्वच्छ निघतं. पालटात कोरं रीळ काळं निघतं. हे तुला माहीत होतं. तू अकरा वर्षं माझ्या शेजारी बसून स्लाइडी कापल्या आणि काचेत बसवल्या. डॉक्टर लोकांची व्याख्यानाची फुप्फुसं आणि थिएटरातल्या साबणाच्या जाहिराती, सगळं तुझ्या हातून गेलं. किती कोरी टोकं तू कापून टोपलीत टाकलीस, सगळी काळी. आणि मेहुणे गेल्यावर नवव्या दिवशी मी काय घेऊन बाहेर आले? काचेसारखं स्वच्छ रीळ. ते सगळ्यांसमोर उंच धरलं आणि म्हटलं, “बघा, यात काही नाही, रीळ सरकलंच नाही, मेहुण्यांनी घालताना चूक केली.”

तू ते रीळ हातात घेतलंस, उजेडाकडे धरलंस, मग माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं, रडेल आता. तू रीळ टेबलावर ठेवलंस आणि गेलीस. मला वाटलं होतं, दुःखाने गेलीस. तुला त्याच क्षणी कळलं होतं. एकोणीस वर्षं तुला माहीत होतं.

मला खोटंसुद्धा नीट बोलता आलं नाही गं. ‘उजेड घुसला’ म्हटलं असतं तर खपलं असतं, उजेड घुसलेलं स्वच्छच निघतं. पण माझी जीभ साध्या धुण्याची, साधं खोटं बोलून गेली.

आता खरं लिहिते. सून बाजारात गेली आहे, घरात कोणी नाही.

त्यात चित्रं होती. मी बघितली.

जांभळं झालं, साफ झालं, मी दिवा लावला आणि फिल्म टाकीतून काढून बल्बपुढे धरली. त्या वेळी चित्र फिकट असतं, दुधावर दूध सांडल्यासारखं, पण सवय असलेल्याला दिसतं. मालक नेहमी सांगायचे, काम चालू असताना चित्र बघायचं नाही, वाळल्यावर बघायचं. त्या दिवशी मी बघत बसले. माणूस गेला होता आणि त्याने शेवटी काय बघितलं ते माझ्या हातात होतं. किती वेळ बघितलं देव जाणे. मोजायचं राहिलं. मग भानावर आले, फिल्म पाण्यात बुचकळून काढली, आणि हात आपोआप चार गाठींच्या बाटलीकडे गेला. पाण्यानंतर हायपो, वर्षानुवर्षं हातात मुरलेलं; मधला दुसरा डेव्हलपर राहूनच गेला. दिवा चांगला लख्ख होता, अंधाराचं निमित्त नाही. तीन मिनिटांत फिल्म काचेसारखी झाली. मी ती धरून उभी, आणि एकेक चौकट हायपोत विरघळताना बघितली.

दार उघडलं तर बाहेर तुम्ही सगळे. माझ्या तोंडून जे आलं ते आलं. नाचता येईना, अंगण वाकडं. त्यातही मी अंगण धरलं ते मेलेल्या माणसाचं.

मी काय बघितलं ते सांगते. इतकी वर्षं एकटीने सांभाळलंय. तू खुर्चीत झोपली आहेस, हातात कात्री, मांडीवर स्लाइडींच्या चौकटी, तोंड उघडं. तुमच्या जिन्यावर त्यांची स्वतःची सावली, शेवटच्या पायरीपर्यंत. तुझी चप्पल, एकच. तू मागून, केस वर बांधताना, दोन्ही कोपर हवेत. बादली. कशाला काढली बादली ते माहीत नाही, पण सुंदर होती, तिच्या काठावर ऊन होतं. मालक पेंगताना. मग पुन्हा तू, पुन्हा तू, पुन्हा तू, सलग सात-आठ. एकात तू कॅमेऱ्याला मारायला धावते आहेस. पंधराच्या पुढे मी बघितलं नाही.

सगळ्या चौकटी सारख्या अंतरावर, एकही तिरकी नाही. रीळ घालण्यात त्यांची कधीच चूक झाली नव्हती.

लिहून झालं. छातीवरचा दगड उतरला म्हणतात, मला तर भूकच लागली. सकाळपासून काही खाल्लेलं नाही. जाते.

तुझी ताई

२१ फेब्रुवारी, शनिवार

मुंगे,

तू अजून गप्प आहेस. मला वाटतं मला कळतंय का. बंद पाकिटात चूक कबूल केली, पण खोटं बोलले होते ते सगळ्यांसमोर. ते सगळे आता कुठे उरलेत? स्टुडिओतली फोटो रंगवणारी रंगारीण वारली, हिशेबनीस मुलीकडे गेला. मालक तेवढे आहेत. अठ्ठ्याऐंशी वर्षांचे. परवा त्यांच्याकडे गेले.

ते गॅलरीत बसले होते, अंगावर शाल. मी म्हटलं, “मालक, एक कबुली द्यायची आहे.”

म्हणाले, “कुपी? कसली कुपी?”

पार बहिरे झालेत. मी जवळ सरकून मोठ्याने म्हटलं, “ते शेवटचं रीळ मी बिघडवलं!”

“कोणी?”

“मी! हायपो आधी घातला! नाव त्यांचं घेतलं!”

समोरच्या इमारतीत दोन बायका कपडे वाळत घालत होत्या, त्या थांबल्या. खालून दूधवाला वर बघायला लागला. मुंगे, एकोणीस वर्षं लपवलेलं पाप मी अख्ख्या गल्लीला ओरडून सांगितलं, तेही दोनदा, कारण पहिल्या वेळी मालकांना अर्धंच कळलं.

मग कळलं. म्हणाले, “चित्र बघत बसलीस ना?”

मी मान हलवली.

“मला तेव्हाच शंका आली होती. त्या पोराचं रीळ कधी अडकलं नाही.” मग म्हणाले, “मीसुद्धा बोललो नाही. तू गेली असतीस तर पालट कोण करणार होतं? धंदा बघितला मी.” आणि शालीने नाक पुसलं.

म्हणजे सगळ्यांना सगळं माहीत होतं, आणि माझी झाकली मूठ मी एकटीच सव्वा लाखाची समजून बसले होते.

येताना जिना उतरले तर दूधवाला म्हणाला, “आजी, पुढच्या वेळी विचार करून हायपो घाला.” त्याला हायपो म्हणजे काय ते तरी माहीत आहे का! पण मला हसू आलं. चांगलं रस्ताभर येत राहिलं.

ताई

२ मार्च, सोमवार

मुंगे,

पार्सल मिळालं. तोच चहाचा डबा. पण रिळाची जीभ आत आहे. तोंड मिटलेलं.

तुझी चिठ्ठी मी सुनेला वाचून दाखवली, मग तिने मला वाचून दाखवली, मग मुलगा आला तेव्हा त्याला. आता पाठ झाली आहे. ‘ताई, हे खरं त्यांचं. त्यांच्या दुसऱ्या कॅमेऱ्यात होतं. दुसऱ्या कोणाला दिलं नाही, कारण बिघडलं असतं तर शिव्या कोणाला दिल्या असत्या? फिल्म गेली त्याचा राग नव्हता. रीळ घालता येत नव्हतं म्हणालीस, त्याचा होता. बारा तारखेला येते. हायपोची बाटली माझ्या हातात राहील.’

ये. गुडघ्याचं औषध आण, इथलं कुचकामी आहे. सुनेला मी सांगून ठेवलंय की मावशी तिखट आहे. ती म्हणाली, “आई, मला सवय आहे.”

बाथरूममध्ये दोन स्टुलं मावतात. मोजून बघितलं.

ताई

१८ मार्च, बुधवार

मुंगे,

तुझा चष्मा इथे राहिला. खिडकीत आहे, नातीने नाकावर लावून आरशात बघितला, आता जपून ठेवलाय. घरी पोचलीस का ते कळव.

घर सुनं झालं असं म्हणणार नाही. शांत झालं. सहा दिवसांत तू मला जेवढं बोललीस तेवढं कोणी एकोणीस वर्षांत बोललं नव्हतं, तो अनुशेष भरून निघाला. सून म्हणते, तुम्ही दोघी भांडता तेव्हा तिला कळतच नाही की कोणी रागावलंय का नाही. मी म्हटलं, आम्हालाही कळत नाही.

सारखी मला ती दुपार आठवते. मी टाकी हलवत होते आणि तू स्टुलावर, हायपोची बाटली मांडीत घट्ट धरून, जणू तान्हं मूल. नाकावर माशी बसली तरी हात सोडला नाहीस. मी म्हटलं, “माशी तरी हाकल.” तू म्हणालीस, “तू मोज.” मग दिवा लावला. फिल्म बाहेर काढली आणि आपण दोघींनी डोळे मिटून घेतले. दोघींनी! कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. डोळे मिटून मी फिल्म उजेडात फिरवली, डोळे मिटून पुन्हा टाकीत घातली. दाराशी उभी असलेली सून म्हणाली, “अहो, तुम्ही करताय काय?” तू म्हणालीस, “काम चालू असताना चित्र बघायचं नसतं.” डेव्हलपर झाला, पाणी झालं, मी हात पुढे केला आणि तू बाटली दिलीस. गाठी मोजून दिलीस, मी पुन्हा मोजून घेतली.

चित्रं आली. जुनी फिल्म, सगळं राखाडी, कडेला डाग. पण आली. तू त्या दोरीखाली उभी राहून ओल्या फिल्मकडे बघत होतीस आणि काही बोलत नव्हतीस, तेव्हा मला पहिल्यांदा तुझी भीती वाटली. मग तू म्हणालीस, “बादली. पुन्हा बादली काढली आहे या माणसाने.” आणि खो खो हसत सुटलीस.

बावीस चांगल्या निघाल्या. सगळ्या तू स्वतः कापल्यास, काचेत बसवल्यास, डबीत घालून नेल्यास. पोचल्यावर मोजशीलच, म्हणून आधीच सांगते. एकवीस भरतील.

एक मी काढून घेतली. तू आंघोळीला गेली होतीस तेव्हा. ती, ज्यात आपण दोघी उजेडाच्या टेबलाशी वाकलोय, एकाच स्लाइडीवरून भांडतोय. दोघींची तोंडं उघडी आहेत, ऐकत कोणीच नाही. मेहुणे दारातून काढत असतील, त्यांचा अंगठा कोपऱ्यात आलाय. ती माझ्या खिडकीच्या काचेला टेकवून ठेवली आहे, सकाळी ऊन येतं तेव्हा समोरच्या भिंतीवर थोडीशी उमटते.

परत देणार नाही. पण सांगून टाकलं. चार दिवससुद्धा थांबले नाही, बघ.

तुझी
ताई